बोदलकस्याच्या तळ्यावरची माझी खोपडी

बदकाला तोंड असतं, ही गोष्ट मला तत्त्वतः मान्य होती. अडचण एवढीच होती, की बोदलकस्याच्या तळ्यावर उतरलेल्या त्या बदकांपैकी एकानंही मला ते दाखवलं नव्हतं.

दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलो, त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. आम्ही तिरोड्यात राहतो. घरी पाहुणे आले की त्यांना बोदलकसा दाखवायला नेतो, पण पाहुण्यांशिवाय, नुसते आपले आपण असे कधी गेलेलो नाही. हे माझी बायको अल्का हिच्या अचानक लक्षात आलं आणि तिनं डबा भरला. पाऊस सरला होता. टेकड्या अशा हिरव्या होत्या की कुणी नुकत्याच धुऊन वाळत घातल्यात असं वाटावं. त्यांच्या मधोमध तळं काठोकाठ भरलेलं. पलीकडच्या उथळ पाण्यात मातकट रंगाचं काहीतरी तरंगत होतं. मला आधी वाटलं, कुणीतरी नारळ सोडलेत. मग त्यातल्या एका नारळानं पाय हलवले.

"बदकं आहेत," अल्का म्हणाली.

"उलटी का आहेत?"

"खाऊन राहिले असतील खालचं काही."

आम्ही डबा संपेपर्यंत पाहत बसलो. शेपट्या वर, बाकीचं बदक पाण्यात. एक सरळ होतंय असं वाटायचं, तोवर दुसरं मधे यायचं. म्हणून मी उठून जवळ गेलो. तसा सगळा थवा फडफडत उठला आणि पार टोकाला जाऊन पुन्हा उलटा झाला. माणसानं आपल्याकडे पाठ फिरवली तर आपण ते समजू शकतो. पण इतक्या लांबून, हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्यानं आपल्याच तालुक्यात येऊन आपल्याला फक्त शेपूट दाखवावी, हे माझ्या मनाला लागलं. शिवाय खरं सांगायचं तर मला कुतूहल वाटायला लागलं होतं. इतक्या दुरून येणारा प्राणी दिसतो तरी कसा? त्या रात्री जेवतानाही मी हाच विचार करत होतो, हे अल्कानं ओळखलं, कारण मी भाजीत मीठ नसल्याचं बोललो नाही.

मी दुर्बीण मागवली. दुर्बिणीतून शेपट्या मोठ्या दिसायला लागल्या, एवढाच फरक पडला.

आमच्या शेजारी मनोहरलाल पटले राहतात. तलाठी म्हणून निवृत्त झाले आहेत, पण सल्ला देण्यातून नाही. गोंदियात बरीच वर्षं काढल्यामुळे त्यांची भाषा अर्धी मराठी, अर्धी हिंदी, आणि कोणतं अर्धं कधी येईल याचा नेम नाही. मी दुर्बीण पुसत बसलेला पाहून ते कुंपणापाशी आले.

"रामटेकेजी, पंछी आदमी को नहीं, कपड्याले घाबरते. हा तुमचा पांढरा शर्ट दूर से चमकते. झाडासारखे व्हा."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे झाडासारखे!" ते म्हणाले आणि आत गेले. त्यांचे सल्ले नेहमी असेच मुद्द्यावर येऊन संपतात.

पुढच्या रविवारी मी परसातल्या भाजीच्या वाफ्यावरची हिरवी जाळी अंगावर घेतली, तिच्यात पळसाच्या नि बोरीच्या फांद्या खोवल्या आणि तळ्याकाठी जाऊन उभा राहिलो. पक्ष्यांवर याचा काय परिणाम झाला ते मला सांगता येणार नाही, कारण त्याआधी तो शेळ्यांवर झाला. एक शेळी माझ्या डाव्या खांद्याजवळ आली, दुसरी मागून आली. मी झाड असल्यामुळे हाकलता येईना. खांद्यावरची बोर संपवून ती शेळी माझ्या कानापर्यंत पोचली तेव्हा मात्र मी माणूस असल्याचं जाहीर केलं. शेळ्यांमागून येणारी बाई किंचाळली, शेळ्या पळाल्या, बदकं उडाली. घरी आल्यावर अल्कानं माझा कान डेटॉलनं जरा जोरातच पुसला.

मनोहरलालजींनी चूक मान्य केली, पण माझी. "झाड झाले ते ठीक. पन शेळीला आवडन असं झाड काऊन झाले? आता सोडा ते. सीधी खोपडी बांधा. आत बसा, भोक ठेवा, भोकातून पाहा."

खोपडी म्हणजे वावरात राखणीला बांधतात तसली तणसाची, भाताच्या पेंढ्याची झोपडी. आमच्याकडे लहान पोरालाही हा शब्द ठाऊक आहे. कल्पना मला एकदम पटली. हलकं, म्हणजे लवकर येणारं धान निघायला लागलं होतं, तणीस मिळणार होतं, बांबू मिळणार होते. फक्त जागा कुणाची, हा प्रश्न होता. चौकशी केली तेव्हा कळलं, की पाणी पाटबंधाऱ्याचं, पाण्यातले मासे मच्छीमार संस्थेचे, काठावरची झाडं वनखात्याची आणि तिथवर जाणारा रस्ता आणखी चौथ्याच कुणाचा. बदकं मात्र कुणाचीच नव्हती. म्हणूनच बहुतेक ती उलटी होऊन निवांत खात होती.

आता मी स्वतः पाटबंधाऱ्याच्या उपविभागीय कार्यालयात आवक-जावक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे एक टेबल, एक शिक्का आणि मी. मी रीतसर अर्ज लिहिला आणि तो रीतसर माझ्याच टेबलावर आला. आपला माणूस म्हणून सवलत देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. अर्ज वाचला तर त्यात दोन त्रुटी निघाल्या: नकाशा जोडलेला नव्हता आणि प्रयोजन नमूद नव्हतं. मी अर्जदाराला तसं कळवलं. अर्जदार जरा रागावला. जेवणाच्या सुट्टीत मी त्याची समजूत काढली, त्यानं नकाशा जोडला आणि प्रयोजनाच्या रकान्यात लिहिलं, "पक्ष्याचे तोंड पाहणे."

आमचे साहेब गोंदियाचे, अस्सल हिंदीवाले. त्यांनी मला बोलावलं.

"रामटेके, ये पक्ष्याचे तोंड क्या है?"

"सर, चेहरा."

"किसका?"

"बदकाचा, सर."

"कभी देखा नहीं?"

"सर, ते उलटंच असते."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, चष्मा लावून पुन्हा पाहिलं. दोन्ही वेळा मी तसाच दिसलो असणार. मग त्यांनी शेरा मारला: "पाण्याची पातळी कमी होणार नाही या अटीवर हरकत नाही." वनरक्षकानं तोंडीच सांगितलं, की झाड तोडू नका, खड्डा खणू नका, आग लावू नका, मुक्काम करू नका. मी विचारलं, मग करू काय? तो म्हणाला, "बसा."

खोपडी बांधायला लागलो त्या दिवशी मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष चैतराम डोंग्यातून थेट माझ्यासमोर उतरले.

"काऊन जी, हे का बांधून राहिले तुमी? मासे मारा लागते का?"

"नाही हो. बदक पाहायचं आहे."

"बदक?" त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "ते तं दिसूनच राहिले."

"त्याचं तोंड पाहायचं आहे. तुम्ही तर रोज पाण्यात असता. कसं असते हो त्याचं तोंड?"

चैतरामांनी बराच विचार केला. "तोंडासारखं," ते म्हणाले.

पण माणूस दिलदार. माझे बांबू पाहून त्यांना राहवेना. "अशा गाठीनं तं वाऱ्यानं उडून जाईन," म्हणत त्यांनी स्वतः सगळ्या गाठी सोडून पुन्हा बांधल्या. संध्याकाळपर्यंत खोपडी उभी राहिली. आत एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढी जागा, पाण्याच्या बाजूला एक भोक. मी आत बसून पाहिलं. घर बांधल्यावर झाला नव्हता एवढा आनंद मला झाला. घराला हप्ते होते.

तीन दिवसांनी गेलो तर मागची भिंत नव्हती.

"नव्हती म्हणजे?" अल्कानं विचारलं.

"गाईनं खाल्ली."

"भिंत खाल्ली?"

"तणसाची होती ना."

अल्का पोळी लाटता लाटता थांबली. "आधी शेळीनं कपडे खाल्ले, आता गाईनं घर खाल्लं. बदकाचं तोंड दिसंपर्यंत काय काय खाऊ घालणार आहात तुम्ही?"

मी नवीन तणीस आणलं, बाहेरून बोरीच्या काट्या लावल्या. पुढच्या खेपेला सगळं जमून आलं होतं. बदकं अगदी पुढ्यात आली, एक सरळ व्हायला लागलं, आणि माझ्या खिशातला फोन वाजला. कर्ज हवं का म्हणून कुणी बाई विचारत होती. थवा गेला. त्या दिवसापासून मी फोन स्कूटरच्या डिक्कीत ठेवायला लागलो. इथपर्यंत माझी चूक मला दिसत नाही. पुढे जे झालं त्यात या डिक्कीचा मोठा वाटा आहे, म्हणून सांगून ठेवतो.

शनिवारी रात्री मी कुंपणावरून मनोहरलालजींना सांगितलं, की खोपडी आता पक्की झाली, उद्या पहाटेच जातो. त्यांना फार आनंद झाला, कारण कल्पना त्यांची होती. त्या आनंदात त्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "रामटेकेजी की खोपडी बोदलकसा तालाब के किनारे. जरूर देखिए."

मराठीत खोपडी म्हणजे झोपडी. हिंदीत खोपडी म्हणजे कवटी. आणि आमच्या भागातला कोणता माणूस कोणती ओळ कोणत्या भाषेत वाचेल, हे आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही.

कॉलनीतली मराठी माणसं अंगठ्याचं चित्र टाकून झोपली. पण ती ओळ रातोरात गोंदियाला गेली आणि तिथून परत येताना जरा सुधारून आली. सकाळपर्यंत ती अशी झाली होती: "बोदलकसा तालाब के किनारे खोपडी मिली. तिरोडा के रामटेकेजी की बताई जा रही है."

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी माझ्या खोपडीत, म्हणजे दोन्ही अर्थांनी माझ्या खोपडीत, सुखानं बसलो होतो. सूर्य टेकडीमागून नुकता वर आला होता. पाण्यावरची वाफ उठत होती. समोरच्या दगडावर एक पिवळसर पोटाचा धोबी पक्षी शेपूट हलवत होता. तोही थंडीपुरताच आलेला पाहुणा, पण बिचारा सगळ्या बाजूंनी दिसत होता. झाडीत कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढून दाखवत होता. आणि बदकं हळूहळू माझ्याकडे सरकत होती.

इकडे घरी सौंदडहून अल्काच्या भावाचा, प्रफुल्लचा फोन आला.

"ताई," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "खबर खरी आहे का?"

"कोणती खबर?"

"भाऊजींची... खोपडी सापडली म्हणतात."

अल्का म्हणाली, "सापडली म्हणजे? त्यांनीच बांधली ती."

"ताई, तू आधी पाणी पी," प्रफुल्ल म्हणाला, "बस जराशी," आणि त्यानं मजकूर वाचून दाखवला. अल्कानं सांगितलं, की सकाळी तर ते डोक्यावर टोपी घालून गेले, म्हणजे तोवर सगळं जागेवर होतं. पण मग तिनं मला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. डिक्कीत.

माणूस कितीही समजूतदार असला तरी सलग वाजणारा आणि न उचलला जाणारा फोन त्याची समजूत खाऊन टाकतो. ती मनोहरलालजींच्या दारात गेली. त्यांनी मजकूर वाचला, पहिल्यांदा आपलं नाव कुठे आहे का ते पाहिलं, आणि स्कूटर काढली.

मी भोकाला डोळा लावून बसलो होतो. एक बदक इतकं जवळ आलं होतं, की त्याच्या शेपटीवरचा थेंब मला दिसत होता. ते वर यायला लागलं. मान दिसली. मी श्वास रोखला.

"अहो!"

असा हंबरडा मी लग्नानंतर ऐकला नव्हता. सगळं तळं उठून आकाशात गेलं. मी बाहेर आलो. काठावर जत्रा भरली होती. मोटरसायकली, एक मालवाहू ऑटो, कॉलनीतले लोक, आसपासच्या गावांतले लोक, पुढे अल्का, तिच्या मागे मनोहरलालजी, आणि पोलीस ठाण्यातून फोन आल्यामुळे आलेले हवालदार भैयालाल टेंभरे.

हवालदारांनी विचारलं, "खोपडी कोनाची?"

"माझी."

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. "तुमची तं जाग्यावर आहे."

माझी अशी समजूत होती, की मला जिवंत पाहून लोकांना बरं वाटेल. लोकांना बरं वाटलं नाही. त्यांचे चेहरे उतरले. "एवढ्या दुरून आलो फुकट," असं मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा. ऑटोवाल्यानं तर माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला क्षणभर माफी मागावीशी वाटली. माणसाची गावात किंमत किती, हे मेल्यावर कळतं असं आपण धरून चालतो. मला ते न मरता कळलं.

अल्का जवळ आली आणि माझी टोपी काढून डोक्यावरून एकदा हात फिरवला, जणू खात्री करून घेत होती. तिचे डोळे लाल झाले होते. मग टोपी परत घातली, सरळ केली, आणि म्हणाली, "फोन कुठं आहे?"

"डिक्कीत."

"डिक्कीत कोण फोन ठेवते?"

मी मान खाली घातली. इतक्या लांबून ती मनोहरलालजींच्या मागे बसून काय काय मनात आणत आली असेल, हे माझ्या तेव्हा कुठे ध्यानात आलं, आणि पहिल्यांदाच मला बदकाच्या तोंडाची लाज वाटली.

गर्दी हळूहळू पांगली. हवालदार म्हणाले, "मले वर कळवा लागते. हे खोपडी मोडा लागन जी. लोकं फालतूचे जमा होऊन राहिले इथं. पन पहिले सांगा, इथं तुमी करत का होते?"

मी सांगितलं. पहिल्या शेपटीपासून सगळं. हवालदार ऐकत होते. आवाज ऐकून डोंगा काठाला लावलेले चैतरामही येऊन उभे राहिले आणि "खरं आहे जी, त्यायले तोंडच पाहाचं आहे" अशी त्यांनी साक्ष दिली.

"कसं असते पन त्याचं तोंड?" हवालदारांनी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही सगळे तळ्याकडे पाहायला लागलो. लांब टोकाला थवा पुन्हा उतरत होता.

"आत बसलो तर येतील," मी म्हणालो. "पण बोलायचं नाही. हलायचं नाही. शिंकायचंही नाही."

एका माणसाच्या खोपडीत आम्ही पाच जण कसे मावलो ते विचारू नका. हवालदारांचं कोपर माझ्या बरगडीत होतं आणि मनोहरलालजींचा गुडघा कुणाचा आहे ते बराच वेळ कळत नव्हतं. भोक एकच. मनोहरलालजींनी कुजबुजत सुरुवात केली, "वो मेसेज असल में मैंने..." मी त्यांना गप्प केलं. अल्का त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, ती पाहता ते गप्प झाले हेच त्यांच्या हिताचं होतं.

भोकाशी पहिली अल्का होती. ही जागा मी तिला आपण होऊन दिली. तेवढं देणं लागत होतो. बराच वेळ ती स्थिर बसली. मग तिनं एकदम तोंडावर हात धरला.

"अहो, त्याचं तोंड तर..."

"सांगू नकोस!" मी म्हणालो. "माझं मला पाहू दे."

मग हवालदार सरकले. ते तिथून निघेचनात. मी त्यांचा खांदा हळूच ओढला, तर म्हणाले, "थांबा जी, चौकशी चालू आहे." त्यांच्यानंतर मनोहरलालजी. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काही पाहून त्यावर सल्ला दिला नाही. मग चैतराम.

"मी म्हनलो होतो ना," ते भोकातून पाहत पुटपुटले, "तोंडासारखं..." मग त्यांनी दुसरा डोळा लावला. "नाही जी," ते जरा वेळानं म्हणाले. "हे तोंडासारखं नाही."

शेवटी माझी पाळी आली. मी भोकाला डोळा लावला. समोर, हाताच्या अंतरावर असावी अशी, शेपूट.

मी वाट पाहिली. मागे कुणी हलत नव्हतं. शेपूट एकदा इकडे झाली, एकदा तिकडे झाली. मग पाणी फुटलं आणि ते सरळ झालं.

चोच! अख्खं बदक एका मापाचं आणि चोच दुसऱ्याच कुणाची तरी. टोकाकडे पसरलेली, चपटी, भात वाढायच्या पळीसारखी. पंगतीत वाढता वाढता कुणीतरी हाक मारावी आणि माणसानं पळी तशीच तोंडात धरून हिमालयाच्या पलीकडून इथवर धावत यावं, असं ते दिसत होतं. पुढे पुस्तकात पाहिलं तेव्हा याचं नाव थापट्या असल्याचं कळलं, आणि नाव ठेवणाऱ्यानंही ते भोकातूनच पाहिलं असणार अशी माझी खात्री झाली. त्या पळीतून पाणी गळत होतं. त्यानं पिवळ्या डोळ्यानं नेमकं माझ्या भोकाकडे पाहिलं. अतिशय गंभीरपणे. आमचे साहेब चष्मा काढून पाहतात तसं.

आणि मी हसलो.

आवरायचा प्रयत्न केला, म्हणून ते आणखी मोठ्यानं आलं. इतके आठवडे पोटात साठलेलं सगळं हसू एकदम बाहेर पडलं. खोपडी हलली, काट्या पडल्या, आणि सगळा थवा पाण्यावरून धावत उठला.

"हे का केलं जी तुमी!" हवालदार ओरडले. "आमाले गप राहा म्हनता अन सोताच!"

"मी तं शिंक दाबून बसलो होतो," चैतराम म्हणाले.

मी बोलूच शकत नव्हतो. माझ्याकडे पाहून अल्काही हसायला लागली, आणि तिला थांबता येईना. आम्ही सगळे बाहेर आलो. थवा वळून आमच्या डोक्यावरून गेला. पाण्यात असताना मातकट दिसणारे ते पक्षी, त्यांनी पंख उघडले तर खांद्यापाशी फिकट निळे होते. आभाळाहून निराळा निळा. तो आम्हाला खालून, उन्हात, एक क्षणभरच दिसला. मग ते टेकडीच्या कडेनं वर चढत गेले आणि तिच्यामागे उतरले.

शेवटी हवालदारांनी टोपी घातली, पट्टा नीट केला आणि आवाज पुन्हा सरकारी केला.

"खोपडी मोडा लागन. कायदा म्हनजे कायदा."

"मोडतो," मी म्हणालो. "आजच मोडतो."

"आज नाही!" ते एकदम म्हणाले. मग त्यांनी टेकडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मंगळवारी माही सुट्टी रायते. घरच्यायले घेऊन येतो. त्याच्यानंतर मोडा."